घटना शिकवा, कारण सांगू नका!

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या राज्यपालांनी मे 2021 मध्ये 'हाऊस बिल 1775' या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच महिनाअखेरीस त्या राज्यातील टल्सा शहरात झालेल्या कृष्णवर्णीयांच्या कत्तलीला शंभर वर्षे पूर्ण होत होती. योगायोगच म्हणावयाचा, पण फार बोलका.

कायद्याची भाषा मोठी निरागस आहे. केवळ आपल्या वंशामुळे वा लिंगामुळे विद्यार्थ्याला अपराधी वाटावे वा क्लेश व्हावेत, असे सरकारी शाळांत शिकवू नये, असे तो म्हणतो. यात वावगे ते काय? शिवाय टल्साचा इतिहास राज्याच्या अभ्यासक्रमात कायम आहे, असे समर्थक सांगतात, आणि ते खरेही आहे. कायद्याची खरी चलाखी येथेच आहे.

31 मे आणि 1 जून 1921 रोजी गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळून टाकली. हजारावर घरे बेचिराख झाली. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा असा अंदाज आहे. हजारो निर्वासितांना स्थानबद्ध करण्यात आले, आणि गोऱ्या मालकाने हमी घेतली तरच सुटका होई. ज्याचे घर जळाले त्यालाच मोकळे होण्यासाठी मालकाची चिठ्ठी! विमा कंपन्यांनी दंगलीच्या कलमावर बोट ठेवून भरपाई नाकारली. राख निवते न निवते तोच शहराच्या कारभाऱ्यांनी बांधकामाचे नवे अग्निप्रतिबंधक नियम करून त्या जमिनीवर पुन्हा घरे उभी राहू नयेत असा घाट घातला. बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलाने तंबूत कचेरी थाटून तो न्यायालयात हाणून पाडला.

यातील तारखा आणि आकडे शिक्षकाने खुशाल सांगावेत. पण पुढच्या बाकावरच्या मुलाने "हे का झाले?" असे विचारले तर? जुलै 2023 मध्ये राज्याचे तत्कालीन शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स यांना जाहीर सभेत टल्साविषयी छेडले असता, या घटनेचा संबंध कातडीच्या रंगाशी जोडू नये, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. टीकेची झोड उठल्यावर सारवासारव झाली, हा भाग वेगळा.

गोऱ्या कामगाराच्या मुलाने आजोबांच्या पापाबद्दल रडत बसावे, अशी मागणी कोणताही समंजस शिक्षक करीत नाही. मालमत्ता कोणाची गेली, कोणाच्या पदरी पडली आणि राज्ययंत्रणा कोणाच्या बाजूने उभी राहिली, हा खरा प्रश्न आहे. कायद्याने तो मुलाच्या भावनेचा प्रश्न करून टाकला. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी हा डावपेच तत्काळ ओळखला असता.

शिक्षकांना धाक आहे तो परवाना गमावण्याचा. शिक्षकांसाठी घेतलेल्या एका प्रशिक्षणावरून 2022 साली खुद्द टल्साच्या शाळांच्या मान्यतेचा दर्जा खाली आणण्यात आला. जून 2024 मध्ये संघीय न्यायालयाने कायद्याच्या काही तरतुदींना तात्पुरती स्थगिती दिली. त्याच महिन्यात ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कत्तलीतून वाचलेल्या आणि वयाची शंभरी ओलांडलेल्या दोन स्त्रियांचा भरपाईचा दावा फेटाळण्याचा निर्णय कायम केला.