नाताळच्या फराळाची देवाणघेवाण : कोल्हापुरातील एक विचार

नाताळ जवळ येऊ लागला की कोल्हापुरातील ख्रिस्ती कुटुंबांत करंज्या, शंकरपाळी, चकल्या आणि नानकटाई यांची तयारी सुरू होते. गोव्याशी नाते असलेल्या घरांत नेवऱ्या, दोदोल व कुलकुल यांची भर पडते. अलीकडे काही शहरी कुटुंबांत पाश्चात्त्य पद्धतीच्या 'कुकी एक्स्चेंज' मेळाव्याचेही आकर्षण दिसते. एका घरी सर्वांनी जमावे, प्रत्येकाने एकच पदार्थ भरपूर प्रमाणात करून आणावा आणि परतताना सर्वांचे पदार्थ थोडे थोडे घेऊन जावे, अशी ही अमेरिकेत रुळलेली रीत आहे. ती आपण स्वीकारावी काय आणि स्वीकारल्यास कोणत्या रूपात, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, केक व पेस्ट्री यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तूप व लोणी यांवरील करही १२ वरून ५ टक्के झाला. म्हणजे घरी करणाऱ्यालाही दिलासा मिळाला, परंतु आयत्या मालावरील सवलत अधिक मोठी आहे. दुसरीकडे, देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करावे लागत असल्यामुळे तळणीचा खर्च परदेशी बाजारभावावर व आयात शुल्कावर हेलकावे खातो. त्यातच कुटुंबे लहान झाली आणि नोकरी करणाऱ्या गृहिणींची संख्या वाढली. पूर्वी आजी, काकू व शेजारणी मिळून करंज्या लाटत; आज तेच काम बहुधा एकट्या स्त्रीवर येऊन पडते. अशा वेळी दुकानातील खोके घरी आले, तर दोष कोणाला द्यावा?

देवाणघेवाणीच्या मेळाव्याचा खरा उपयोग येथे आहे. दहा कुटुंबे एकत्र आली असे समजू. प्रत्येकाने एकाच पदार्थाचे ११० नग करावेत व दहा-दहाच्या अकरा पुड्या बांधाव्यात. दहा पुड्या दहा घरांत वाटल्या की प्रत्येक घरी दहा प्रकारचा फराळ पोहोचतो. उरलेल्या दहा पुड्यांतून अकराव्या घरासाठी तेवढाच पूर्ण फराळ तयार होतो. हे अकरावे घर धर्मग्रामातील आजारी, वृद्ध किंवा शोकाकुल कुटुंबाचे असावे. दहा प्रकारांचे कष्ट एका प्रकारावर येतात आणि कोणाचे घर फराळावाचून राहत नाही.

मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. काजू-बदामांची स्पर्धा सुरू झाली की गरीब कुटुंब हळूच मागे सरते, म्हणून खर्चाची मर्यादा आधीच ठरवावी. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत नाचणी पिकते. गूळ-नाचणीची बिस्किटे आणणाऱ्या कुटुंबाला तेथे संकोच वाटता कामा नये. अनेक घरांत ओव्हन नसतो, म्हणून तळलेले वा कढईत भाजलेले पदार्थही समान मानाचे असावेत. प्रत्येक पुडीवर अंडे, शेंगदाणे, काजू वा दूध आहे किंवा कसे, ते लिहावे. मधुमेहाच्या रुग्णांसाठी चकली-चिवडा अवश्य असावा. आपसांतील ही देवाणघेवाण म्हणजे विक्री नव्हे; परंतु जी भगिनी असे पदार्थ विकू इच्छिते, तिने अन्न सुरक्षा कायदा, २००६ नुसार नोंदणी करणे योग्य.

मेळावा केव्हा भरवावा, हाही प्रश्न आहे. आगमनकाळ हा प्रतीक्षेचा व संयमाचा काळ. नाताळचा आनंद २५ डिसेंबरला संपत नाही, तर सुरू होतो. म्हणून नाताळ ते नववर्षदिन या आठवड्यात मेळावा घेतल्यास पूर्वतयारीची धांदलही टळेल, असे आम्हांस वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. मेळावा आपल्याच दहा घरांत फिरत राहिला, तर सोय झाली. सण मात्र अपुरा राहिला. दिवाळीत शेजारच्या घरून फराळाचे ताट येते आणि नाताळात आपले ताट तिकडे जाते. ताट रिकामे परत करू नये, निदान त्यात चिमूटभर साखर तरी घालावी, हा आपल्याकडील जुना संकेत आहे. आपली देवाणघेवाण परदेशातून यावी लागली नाही. ती उंबऱ्यावर होतीच.

या उंबऱ्याचे मोल कोल्हापूरला सांगायला नको. ज्या काळी दलिताच्या हातचे पाणी घेणे निषिद्ध मानले जाई, त्या काळी राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला. एका कपाने रूढीला दिलेला तो धक्का होता. त्याच शहरात जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुरावरून दगडफेक झाली आणि जुलै २०२४ मध्ये विशाळगडाजवळील गजापूर येथे घरांची नासधूस झाली. अफवा पसरते तेव्हा शेजाऱ्याच्या घराची पायरी चढण्याची सवय असलेला माणूस त्याला जाऊन विचारतो. ज्याला ती सवय नसते, तो ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतो. फराळाच्या ताटाने दंगल थांबते असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. परंतु वर्षातून दोनदा ज्या दारी ताट गेले, ते दार संकटाच्या रात्री ठोठावणे सोपे जाते, एवढे निश्चित.

म्हणून यंदा मेळावा जरूर भरवावा. परंतु घरी आलेल्या दहा प्रकारांतून पहिले ताट शेजाऱ्यांसाठी भरावे. शाकाहारी घरी जाणाऱ्या ताटात अंड्याचा पदार्थ नसावा, इतकी काळजी घ्यावी. ताट मुलांच्या हाती द्यावे, म्हणजे ती वाट पुढच्या पिढीलाही ठाऊक राहील.