पत्र्याच्या घराला 'पक्के' कोणी ठरवले?

सरकारच्या कागदावर पत्र्याचे छप्पर 'पक्के' असते. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात छपरांचे दोन गट केले होते. गवत, बांबू, लाकूड, माती, प्लास्टिक आणि हाताने घडवलेली कौले हा कच्चा गट. यंत्रावर बनवलेली कौले, विटा, दगड, काँक्रीट आणि त्यांच्याच रांगेत लोखंडी व सिमेंटचे पत्रे हा पक्का गट. म्हणजे शहरातला स्लॅबचा बंगला आणि इस्लापूरच्या वस्तीतला, वर दगड आणि जुने टायर ठेवून दाबलेला गंजका पत्रा, हे दोन्ही सरकारच्या लेखी सारखेच!

ही नुसती आकडेमोड नाही. 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली तेव्हा लाभार्थी याच सर्वेक्षणातून निवडले गेले. निकष होता बेघर कुटुंब, किंवा भिंतही कच्ची आणि छप्परही कच्चे असलेले एक-दोन खोल्यांचे घर. भिंत मातीची पण डोक्यावर पत्रा असेल तर कुटुंब यादीबाहेर. आयुष्यभर मजुरी करून, गवताचे छप्पर काढून ज्याने चार पत्रे टाकले, त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचे घरकुल घालवले.

मित्रांनो, घरकुलाच्या यादीसाठी आपण खूप भांडलो. आता जे घर आहे त्याच्या छपराबद्दल बोलायची वेळ आली आहे. ज्याच्याकडे घरच नाही त्याच्यासाठी निदान योजना आहे, अर्ज आहे, यादी आहे. ज्याचे घर आहे पण राहण्यालायक उरलेले नाही, त्याच्यासाठी काहीच नाही. आपल्या वस्त्यांमध्ये अशी घरे गल्लोगल्ली आहेत.

यामागचा इतिहास पाहा. इंदिरा आवास योजना 1985 मध्ये सुरू झाली ती मुळात अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त केलेल्या वेठबिगारांसाठी. पुढे 1999 पासून तिच्या निधीतला 20 टक्के हिस्सा कच्ची घरे सुधारण्यासाठी ठेवला होता. रक्कम तुटपुंजी होती, पण 'दुरुस्ती' हा शब्द तरी योजनेत होता. 2016 मध्ये नाव बदलले आणि तो शब्दही गेला. राज्याची रमाई आवास योजना 2008 च्या शासन निर्णयाने खास अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आली, पण तीही नवीन घर बांधण्याची योजना आहे. एकदा लाभ घेतला की विषय संपला. नव्वदच्या दशकात ज्यांना घरकुल मिळाले त्यांच्या घरांना आज तीस वर्षे झाली. पत्र्याला भोके पडली, भिंतीला तडे गेले, एका कुटुंबाची तीन कुटुंबे झाली. कागद मात्र म्हणतो, लाभ दिलेला आहे.

"घर दिले, आता देखभाल मालकाने करावी," असे सांगितले जाते. ठीक आहे. मग इस्लापूर, शिवणी, जलधरा या पट्ट्यातल्या मजुराला छप्पर बदलायला काय लागते तेही पाहू.

पहिला प्रश्न भिंतीचा. मातीची भिंत पत्रा पेलते, स्लॅब पेलत नाही. स्लॅब हवा असेल तर पाया, कॉलम, बीम सगळे नव्याने करावे लागते. म्हणजे 'छप्पर दुरुस्ती' म्हणून सुरू झालेले काम घर पाडण्यावर येते. घरकुलाच्या मापाचा, म्हणजे 269 चौरस फुटांचा साडेचार इंची स्लॅब धरा. त्याला साधारण एक ब्रास काँक्रीट लागते. वीस-बावीस पोती सिमेंट, दोन-अडीच क्विंटल लोखंड, शिवाय सेंट्रिंगचे भाडे, मिक्सर आणि एका दिवसात दहा-बारा माणसांची मजुरी. हा फक्त स्लॅब झाला. पाया, भिंती, दारे-खिडक्या, गिलावा, फरशी वेगळी.

दुसरा प्रश्न वेळेचा आणि पाण्याचा. पावसाच्या आधी छप्पर झाले पाहिजे म्हणून काम एप्रिल-मेमध्ये निघते. स्लॅब टाकल्यावर किमान दोन आठवडे त्यावर पाणी राहिले पाहिजे, नाहीतर तो कच्चा राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात झिरपतो. नेमके तेव्हाच वस्तीचा बोअर आटलेला असतो. प्यायला पाणी नाही तिथे स्लॅबला कुठून आणायचे? नव्या स्लॅबला ओल येते तेव्हा गवंड्याच्या नावाने खडे फोडले जातात. खरा दोष बहुतेक वेळा न मिळालेल्या पाण्याचा असतो.

तिसरा प्रश्न, काम चालू असताना राहायचे कुठे? घर पाडले की भांडी, धान्य, मुलांची पुस्तके, म्हातारी माणसे सगळी उघड्यावर येतात. सवर्ण वाड्यात खोली भाड्याने मागायला गेलेल्या आपल्या माणसाला काय उत्तर मिळते हे सांगायची गरज नाही. मग ताडपत्री बांधून दोन-तीन महिने काढायचे. त्यातला सगळ्यात जास्त त्रास बायकांना आणि वयात आलेल्या मुलींना. न्हाणी गेलेली असते, आडोसा गेलेला असतो.

चौथा प्रश्न पैशाच्या हप्त्यांचा. योजनेतून 1 लाख 20 हजार मिळतात ते टप्प्याटप्प्याने. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. आधी स्वतःचे घालायचे आणि नंतर मिळण्याची वाट पाहायची. ते 'स्वतःचे' येते बचत गटातून, खासगी फायनान्सकडून किंवा सावकाराकडून. म्हणून भिंती उभ्या राहतात, पैसे संपतात आणि वर पुन्हा जुनाच पत्रा चढतो. त्याला आधीच्या खिळ्यांची भोके असतात. 2025 च्या अर्थसंकल्पात राज्याने आवास योजनेत 50 हजारांची भर जाहीर केली. पण तीही नव्या घरांना, दुरुस्तीला नाही.

आणखी एक गोष्ट आपण रोज पाहतो पण मांडत नाही. वस्ती विकासाच्या निधीतून सिमेंट रस्ता होतो. पाच-सात वर्षांनी जुना न उखडता त्यावरच नवा थर पडतो. रस्ता वर जातो आणि घराचा उंबरा खाली राहतो. पाऊस पडला की वस्तीतले पाणी घरात. आपल्या वस्तीच्या विकासाचा पैसा आपल्याच घरात पाणी घालतो, आणि उद्घाटनाचा फलक बाहेर कोरडा असतो!

अतिवृष्टीत घराचे नुकसान झाले तर काय मिळते? आपत्ती निवारणाच्या 2022 ते 2026 च्या निकषांप्रमाणे पक्क्या घराची अंशतः पडझड झाल्यास 6,500 रुपये आणि कच्च्याची झाल्यास 4,000. तेही किमान 15 टक्के नुकसान असेल तर. 6,500 रुपयांत पत्रे, लोखंडी पाइप, हूक-वायसर आणि मजुरी बसवून दाखवावी, असे जाहीर आव्हान आहे. उन्हाने होणाऱ्या नुकसानीचा तर पंचनामाच होत नाही. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बाळंतीण, लहान मूल, दम्याचा म्हातारा कसे राहतात हे कोणत्याही रकान्यात बसत नाही.

इथून तेलंगणाची हद्द जवळ आहे. आपली माणसे तिकडे बांधकामावर सेंट्रिंग ठोकायला, विटा वाहायला जातात. त्या राज्याने 2023 मध्ये 'कूल रूफ' धोरण आणले. छपरावर ऊन परतवणारा पांढरा थर द्यायचा, म्हणजे घर कमी तापते. सरकारने बांधलेली गरिबांची घरेही त्यात धरली आहेत. दुसऱ्यांचे स्लॅब भरणाऱ्या हातांच्या घरावर मात्र काळा पडलेला पत्राच आहे. हा योगायोग नाही. जातीने ठरवलेली श्रमाची आणि निवाऱ्याची वाटणी आजही तशीच चालू आहे.

"पण आरक्षण, अत्याचार, संविधान हे मोठे प्रश्न सोडून छप्पर काय घेऊन बसलात?" असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांना दोन गोष्टी आठवून देतो. 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची आणि त्यासाठी वसाहत आयोगाची मागणी केली होती. माणूस कुठे आणि कसा राहतो यावर त्याचे स्वातंत्र्य ठरते, हे त्यांना पक्के माहीत होते. परळच्या बीआयटी चाळीतल्या छोट्या जागेत त्यांनी वर्षानुवर्षे संसार आणि अभ्यास केला. दादरला 'राजगृह' बांधले ते पुस्तकांचा विचार करून. आपण 'शिका' म्हणतो तेव्हा त्या मुलीला रात्री वही उघडायला कोरडा कोपरा आहे का, हेही विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट 1978 ची. विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्याने ते सगळ्यात जास्त भोगले. जाळणाऱ्यांना कळत होते की या लोकांना मोडायचे असेल तर आधी त्यांच्या डोक्यावरचे छप्पर काढा. हे त्यांना कळले, मग आपल्याला का कळू नये?

कायदाही आपल्या बाजूचा आहे. चमेली सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले की निवारा म्हणजे नुसते डोक्यावर छप्पर नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, हवा, पाणी, स्वच्छ परिसर हे सगळे त्यात येते आणि तो जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटलाही अनुसूचित जातींच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचाच होता. बुद्धांनीही भिक्खूंच्या चार गरजांमध्ये निवारा धरला आणि त्याचा हेतू सांगितला: थंडी, ऊन, वारा, डास यांपासून रक्षण. या कसोटीवर आपल्या वस्तीतली किती घरे उतरतात?

पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही. 2025 च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खुद्द खात्याच्या मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. घरामागे 30 हजार धरले तरी त्या पैशात 1 लाख 36 हजार घरांची छपरे नीट झाली असती.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात:

1. रमाई आवास योजनेत दुरुस्तीचा वेगळा घटक सुरू करा. घरकुलाला 20 वर्षे झालेल्या कुटुंबांना छप्पर, न्हाणी आणि स्वयंपाकघर यांसाठी अनुदान द्या.
2. मातीच्या भिंतीवरचा पत्रा 'पक्का' धरणे बंद करा.
3. पहिला हप्ता घर पाडण्याआधी द्या आणि काम चालू असेपर्यंत राहण्याची सोय करा.
4. वस्तीतला रस्ता जुना थर उखडूनच करा. उंबऱ्यापेक्षा रस्ता वर जाता कामा नये.
5. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दुसरीकडे वळवू नये यासाठी कायदा करा.

सरकारकडे मागताना आपल्याही घरात पाहू. आपण वर्गणी काढून विहाराचा स्लॅब टाकतो. टाकलाच पाहिजे, विहाराला विरोध नाही. पण 14 एप्रिलला दोन रात्रींच्या डीजेवर जाणाऱ्या पैशात त्याच वस्तीतल्या विधवा बाईचे छप्पर होऊ शकते. प्रत्येक जयंती मंडळाने वर्गणीचा ठरावीक हिस्सा 'छप्पर निधी' म्हणून बाजूला काढावा. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि बल्ल्या मंडळाने एकदाच विकत घ्याव्यात आणि वस्तीत फिरवाव्यात. ज्याचे काम चालू आहे त्या कुटुंबाला तेवढे दिवस विहारात किंवा समाजमंदिरात राहू द्यावे. गवंडी आपले, मजूर आपले. शेतात सावड करतो तशी स्लॅबच्या दिवशी करू. ज्यांना स्लॅब झेपत नाही त्यांना निदान पत्रा नीट बसवून देऊ: खिळा पत्र्याच्या उंच नळीवर, खाली वायसर, पुरेसा उतार, गरम हवा जायला वर फट आणि पत्र्यावर पांढरा रंग. यातले काहीही मंत्रालयातून मंजूर होऊन यायची गरज नाही.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक शाखेने एवढे तरी करावे. वस्तीतल्या घरांची यादी घेऊन जावे: छप्पर कशाचे, किती वर्षांचे, गळते की नाही, उंबरा रस्त्याच्या वर की खाली, माणसे किती आणि खोल्या किती. ती यादी ठरावासह इतिवृत्तात नोंदवून घ्यावी आणि ठरावाची प्रत हातात पडेपर्यंत उठू नये. सरकारने 2011 मध्ये आपली घरे मोजली ती त्यांच्या रकान्यांत. आता आपण आपल्या रकान्यांत मोजू.

जय भीम!