घरचा संगणक : राखीव प्रत कोठे असावी?

खानदेशातील व्यापारी घरांमध्ये दिवाळीच्या चोपडापूजनाला आता लाल वहीशेजारी लॅपटॉपही मांडलेला दिसतो. त्याच्या झाकणावर कुंकवाचा स्वस्तिक निघतो, अक्षता पडतात. यात हसण्यासारखे काही नाही. खरी वही आता त्या यंत्रातच आहे. लाल वही बहुधा पूजेपुरती उरली असून खरेदी-विक्री, उधारी, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे सारे संगणकात गेले आहे. जुन्या वहीचा एक गुण मात्र या नव्या वहीत आला नाही. जुन्या वहीला वाळवी लागली, कोपरे भिजले, तरी उरलेली पाने वाचता येत. संगणकातील वही गेली की बहुतेक वेळा सगळीच्या सगळी जाते आणि जाण्यापूर्वी सूचना देईलच असे नाही.

मेहरूण भागातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. दुकान दाणा बाजारात, राहणे तलावाच्या बाजूला. खालच्या खोलीत एक संगणक आहे. दिवसा सूनबाई त्यावर बिलांच्या नोंदी करतात, रात्री दुकान बंद करून आलेला मुलगा रोजमेळ मिळवतो, रविवारी नातवंडे शाळेच्या प्रकल्पाची छपाई काढतात. त्याच डिस्कवर लग्नाची छायाचित्रे आहेत, आणि आजींच्या वर्षीतपाच्या पारण्याचे चित्रीकरणही आहे. ते आता पुन्हा घेता येणार नाही, कारण आजी राहिल्या नाहीत. एवढे सारे एका डिस्कच्या भरवशावर असते. ती बिघडली की ज्यांचे देणे आहे ते व्यापारी आपला हिशेब घेऊन दुसऱ्या दिवशी हजर होतात. ज्यांच्याकडे येणे आहे, त्यांना मात्र रक्कम नेमकी आठवत नाही.

जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे बंद कपाटात कोंबलेला संगणक तापणारच. मागे हवा खेळण्याइतकी जागा ठेवावी, धूळ दर दोन-तीन महिन्यांनी काढून घ्यावी, वीज अचानक गेली तरी काम जपून बंद करता यावे म्हणून यूपीएस लावावा. हे सारे करावे, पण डिस्क कधी ना कधी जाणारच असे गृहीत धरूनच पुढची व्यवस्था लावावी.

ही व्यवस्था केवळ शहाणपणाची बाब नाही, ती कायद्याचीही आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२३-२४ या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवा. चौकशी किंवा अपील चालू असेल तर त्याहून अधिक काळ. नियम ५७ तर स्पष्टच सांगतो की, हिशेब संगणकावर असेल तर त्याचा योग्य बॅकअप ठेवला पाहिजे आणि अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी काळात पूर्ववत करता आल्या पाहिजेत. घरचा संगणक इतकी वर्षे धडपणे चालेल याची खात्री नसते. तेव्हा हिशेबाचे आयुष्य यंत्राच्या आयुष्यापेक्षा मोठे असायला हवे.

राखीव प्रत ठेवायची हे बहुतेकांना पटते. चूक होते ती प्रत कोठे आणि कशी ठेवायची, येथे. या बाबतीत २०१७ साली एका बलाढ्य कंपनीवर ओढवलेला प्रसंग जाणून घेण्यासारखा आहे. त्याचा एक धागा महाराष्ट्रातही येतो.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमध्ये 'एम.ई.डॉक' नावाच्या, कर व हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून झाला. आपल्याकडील व्यापाऱ्याच्या घरी जसे हिशेबाचे सॉफ्टवेअर असते, तसेच तिकडचे ते. त्यातून तो 'मर्स्क' या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती, परंतु खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. मर्स्क समूहाकडून चालवले जाणारे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलही त्यात विस्कळीत झाले. खानदेशातील माल ज्या बंदरातून परदेशी जातो, त्याच बंदरात कोणता कंटेनर कोणाचा, हे संगणकाला सांगता येईना.

मर्स्ककडे राखीव प्रती नव्हत्या असे नाही. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या यंत्रात प्रवेश आहे याची सूची सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीने जगभर ठेवले होते. प्रत्येकात तीच सूची होती आणि एकात बदल झाला की तो सर्वांत आपोआप उमटे. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब होता. पण सारेच एकमेकांना जोडलेले असल्यामुळे ते सारे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातील कार्यालयातला. तेथे हल्ल्यापूर्वी वीज गेली होती आणि म्हणून तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता! भारनियमनाला आयुष्यभर नावे ठेवणाऱ्या खानदेशाने ही नोंद जरूर घ्यावी.

त्या एका प्रतीचे मोल किती, हे पुढच्या धावपळीवरून कळते. घानातील इंटरनेट इतके संथ होते की तेथून माहिती इंग्लंडला पाठवण्यास कित्येक दिवस लागले असते. घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एक कर्मचारी ती हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला विमानाने गेला, तेथील विमानतळावर त्याने ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला पोहोचला. कंपनीने पुढे दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

जोडलेली प्रत ही राखीव प्रत होत नाही, हा त्यातला घरगुती उपयोगाचा भाग. संगणकाच्याच 'डी' ड्राइव्हमध्ये घेतलेली नक्कल ही तर एकाच तिजोरीच्या दोन कप्प्यांसारखी झाली. बहुधा डिस्क एकच असते, नावे दोन असतात. बाहेरची हार्ड डिस्क आणून ती बारा महिने संगणकाला लावून ठेवणे हेही अपुरेच. विजेचा एक झटका किंवा एक घातक प्रोग्राम दोहोंनाही गाठतो. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर फाइल आपोआप चढते म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनीही दीडशे सर्व्हरांची आठवण ठेवावी. तेथे घरच्या यंत्रातील बदल जसाच्या तसा उमटतो, म्हणजे खोडलेली फाइल तिकडेही खोडली जाते. कचरापेटीतून ती काही दिवस परत घेता येते, पण नंतर नाही. या सेवा उपयोगी आहेत, मात्र एकमेव आधार म्हणून पुरेशा नाहीत. शिवाय गूगलची विनामूल्य जागा १५ जीबी असून तीत ईमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे तिन्ही मोजली जातात. लग्नाच्या चित्रीकरणाने ती भरली की नवे ईमेल येणे बंद होते, आणि ज्या पत्त्यावर कर विभागाच्या सूचना येतात तोच पत्ता मुका होतो.

म्हणून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, शक्य तर दोन. घरच्या कामाला एक टेराबाइटची पुष्कळ झाली. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी ठीक, पण सहा-सात वर्षांच्या जपणुकीला भरवशाचा नव्हे. डिस्क जोडावी, प्रत घ्यावी, 'सेफली रिमूव्ह' म्हणून तिला रीतसर मोकळे करावे, आणि मग ती काढून तिजोरीत ठेवावी. ही शेवटची पायरीच बहुतेक घरांत गळते. टॅलीप्राइम वापरणाऱ्यांनी आल्ट आणि वाय या कळा एकत्र दाबून 'डेटा' उघडावा, त्यात 'बॅकअप' निवडावा आणि ठिकाण म्हणून बाहेरची डिस्क द्यावी. प्रत्येक वेळी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव दिलेले नवे फोल्डर करावे, म्हणजे प्रती आपोआप कालक्रमाने लागतात. जुन्या प्रतीवर नवी लिहू नये. हिशेबात बिघाड महिन्याभरापूर्वी शिरला असेल तर कालची प्रतही बिघडलेलीच असते, अशा वेळी दोन महिन्यांपूर्वीची कामी येते.

दिवस ठरवण्यासाठी वेगळी दिनदर्शिका नको. जैन घरांत देवसी, पाक्खी, चौमासी आणि संवत्सरी हा क्रम लहान मुलांनाही ठाऊक असतो. केवळ स्मरणाच्या सोयीसाठी तोच घ्यावा. धार्मिक क्रियेशी यंत्राची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. रोज रोजमेळ मिळाला की टॅलीची छोटी प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. पाक्खीच्या तिथीला बाहेरच्या डिस्कवर हिशेब, कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची पूर्ण प्रत घ्यावी. दोन डिस्क असल्यास एका पाक्खीला एक, पुढच्या पाक्खीला दुसरी. वर्षाची अखेरची प्रत मार्चअखेरीस घ्यावी. ३१ मार्च हा २०११ पासून जगभर 'बॅकअप दिन' म्हणूनही पाळला जातो, हा योगायोग व्यापाऱ्यांच्या सोयीचाच. ही वार्षिक प्रत मात्र घरात ठेवू नये. धुळ्याला बहिणीकडे, पुण्याला मुलाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ द्यावी. आग, चोरी किंवा खालच्या मजल्यात शिरलेले पाणी संगणक आणि तिजोरी यांत भेद करत नाही.

या पद्धतीत नवीन काही नाही. बँकांच्या शाखांत १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हापासून दिवसअखेरीची प्रत घेतल्याशिवाय काम संपले असे मानले जात नसे, आणि एक प्रत शाखेबाहेर ठेवण्याची शिस्त असे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हाच विचार ३-२-१ या सूत्रात रूढ केला. त्यानुसार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी.

राहिली चौमासी. वर्षातून तीनदा येणाऱ्या या तिथीला घेतलेली प्रत उघडून पाहावी. प्रत घेतली जाते आहे असे दोन वर्षे वाटत राहावे आणि गरजेच्या दिवशी फोल्डर रिकामे निघावे, असे घडू शकते. डिस्क भरलेली असते, कंपनीचे नाव बदललेले असते, किंवा टॅली जुन्याच ठिकाणची माहिती उचलत असते. 'रिस्टोअर' करताना मात्र चालू हिशेबाच्या ठिकाणी ती प्रत उतरवू नये, नाहीतर आजच्या हिशेबावर जुना बसेल. वेगळे फोल्डर करून तेथे उतरवावी, दोन-चार खात्यांच्या शिलका आणि एखाद्या महिन्याची विक्री जुळवावी. छायाचित्रांच्या फोल्डरांतूनही दोन-तीन उघडून पाहावीत. अर्ध्या तासाचे काम आहे. हे काम घरातील एखाद्या मुलीवर किंवा सुनेवर सोपवले तर ते वेळेवर होण्याची शक्यता अधिक असते. पुरुषमंडळी 'उद्या पाहू' म्हणतात.

आणखी एक बाब जिच्याकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. अनेक जण गुप्ततेसाठी टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावतात. ते चांगलेच, पण तो पासवर्ड हरवला तर त्या कंपनीचा हिशेब उघडत नाही, आणि मूळ माहिती व राखीव प्रती सगळ्यांना एकच कुलूप असते. घरातील कर्त्या पुरुषाच्या डोक्यात असलेला पासवर्ड त्यांच्या आजारपणात किंवा निधनानंतर कोणाला सापडणार? तो कागदावर लिहून, लिफाफा बंद करून, दागिन्यांच्या लॉकरमध्ये ठेवावा आणि घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीला तो कोठे आहे एवढे सांगून ठेवावे. पासवर्ड बदलला की लिफाफाही बदलावा. बँकेचा पिन किंवा ओटीपी यांना ही रीत लागू नाही, ते कोठेही लिहू नयेत आणि कोणालाही सांगू नयेत.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक घरांत सध्या जुना संगणक बदलण्याचा विचार चालू आहे. 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' आणि त्यातील 'अबाउट' उघडले की आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते कळते. बदलण्यापूर्वी दोन पूर्ण प्रती घेऊन त्या नव्या यंत्रावर उघडून पाहाव्यात आणि मगच जुन्याला निरोप द्यावा. डिजिटल सहीचे टोकन असेल तर त्याची प्रत निघत नाही, ते तेवढे आठवणीने काढून घ्यावे. जुना संगणक दुकानदाराला बदलीत देताना आतील डिस्क मात्र देऊ नये. फाइल खोडल्या किंवा साधे फॉरमॅट केले तरी जाणकाराला त्यातून बरेच काही परत काढता येते. दुकानदार डिस्कशिवाय दोन-तीनशे रुपये कमी देईल, तेवढे सोडून द्यावेत. डिस्क काढून घेऊन, तारीख लिहून, तिजोरीतच ठेवावी.