फळा आणि व्यासपीठ

कोरेगावच्या पुलाखालून वाहणारी भीमा पुढे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची शीव होते आणि दौंड शहराला वळसा घालून सोलापूरकडे जाते. या नदीकाठचे नाव १ जानेवारी २०१८ रोजी साऱ्या देशाच्या तोंडी गेले. त्या दिवशी शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या परिसरात दगडफेक झाली, वाहने जळाली, एका तरुणाचा बळी गेला. आदल्या दिवशी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद भरली होती. पुढे दोन फिर्यादी झाल्या. एकीत हिंदुत्ववादी नेत्यांवर ठपका होता, दुसरीत एल्गार परिषदेच्या आयोजकांवर. दुसऱ्या फिर्यादीच्या तपासातून जी नावे पुढे आली, त्यांतील काही थेट विद्यापीठांच्या दारापर्यंत पोहोचली. तेव्हापासून एक प्रश्न सुशिक्षित घराघरांत विचारला जात आहे : प्राध्यापकाने राजकारण करावे काय?

नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख शोमा सेन यांना ६ जून २०१८ रोजी अटक झाली. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. गोव्यातील व्यवस्थापन संस्थेत शिकविणारे आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. बंदी घातलेल्या माओवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप साधा नव्हे. गडचिरोलीच्या जंगलात या संघटनेने किती पोलीस आणि किती वनवासी मारले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. असा आरोप सिद्ध झाला, तर प्राध्यापकाची पदवी कोणाची ढाल होऊ शकत नाही आणि होऊही नये.

परंतु आरोप म्हणजे निवाडा नव्हे, हेही तितक्याच स्वच्छपणे म्हटले पाहिजे. तेलतुंबडे यांना मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जामीन दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. शोमा सेन यांना सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२४ रोजी जामीन देताना त्यांच्यावरील दहशतवादविषयक आरोप प्रथमदर्शनी खरे मानण्यास वाजवी आधार नाही, असे मत नोंदविले. तोवर त्यांची जवळजवळ सहा वर्षे तुरुंगात गेली होती आणि खटल्यात आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे खरे. पण सहा वर्षांत आरोपही निश्चित होऊ नयेत, ही गोष्ट कायद्याच्या राज्यावर श्रद्धा असणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करणारी आहे. ज्यांनी १९७५ साली आपली माणसे विनाचौकशी गजाआड गेलेली पाहिली, त्यांनी तरी ही अस्वस्थता परकी मानू नये.

मूळ प्रश्नाकडे वळताना इतिहासाचे स्मरण हितकारक ठरेल. १९०७ साली इंग्रज सरकारने रिस्ले परिपत्रक काढून शिक्षक आणि विद्यार्थ्यांना राजकारणात पडण्यास मनाई केली. त्या परिपत्रकाचा रोख कोणावर होता, हे सांगावयास नको. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकविणारे विष्णु गोविंद विजापूरकर हे राष्ट्रीय शिक्षणाचे व्रत घेतलेले पुरुष. ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखापायी त्यांना कारावास भोगावा लागला आणि त्यांचे तळेगावचे समर्थ विद्यालय १९१० मध्ये सरकारने बंद पाडले. संस्कृतचे प्राध्यापक शिवराम महादेव परांजपे यांनी ‘काळ’ चालविला आणि १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा पत्करली. प्राध्यापकाने राजकारणाचा वाराही लागू देऊ नये असा नियम मानला, तर या दोघांनाही दोषी धरावे लागेल. तसे धरण्याची कोणाची तयारी आहे?

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनीही शिक्षकाला राजकारणातून हद्दपार केले नाही. उलट घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने विधान परिषदेच्या सुमारे एकद्वादशांश जागा शिक्षकांनी निवडावयाच्या आणि तितक्याच पदवीधरांनी निवडावयाच्या, अशी तरतूद केली. शिरूर आणि दौंडचे पदवीधरही पुणे विभागाच्या मतदारसंघात मत देतात. याच मतदारसंघाने फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकविलेल्या समाजवादी ग. प्र. प्रधान यांना विधान परिषदेत पाठविले, आणि आणीबाणीत त्यांनी तुरुंगवासही सोसला. विचारांच्या दुसऱ्या तीरावर मराठीचे प्राध्यापक राम कापसे लोकसभेत गेले, प्रा. ना. स. फरांदे विधान परिषदेचे सभापती झाले. या मंडळींचे पक्ष भिन्न होते, पण त्यांनी आपला पक्ष लपविला नाही आणि लोकांपुढे उभे राहून मत मागितले.

तेव्हा प्राध्यापकाने मत बाळगावे, लिहावे, सभेत बोलावे, निवडणूकही लढवावी. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकविणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने ३७० वे कलम निष्प्रभ केल्याचा दिवस काळा दिवस असल्याचे भ्रमणध्वनीवरील संदेशात म्हटले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा दिल्या. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला आणि ३७० व्या कलमाविषयीच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार असल्याचे सांगितले. त्या प्राध्यापकाचे मत बहुसंख्य वाचकांना मुळीच रुचणार नाही. मात्र न रुचणारे मत आणि गुन्हा यांत अंतर आहे. ते अंतर पुसले गेले, तर उद्या सत्ता बदलल्यावर त्याच वाटेने कोणाच्या घरी पोलीस येतील, याचा विचार शहाण्याने आजच करावा.

मग मर्यादा कोठे? ती फळ्यापाशी आहे. व्यासपीठावर उभा राहणारा नागरिक समोरच्या माणसाला बांधून ठेवू शकत नाही, कारण श्रोता कंटाळला तर उठून जातो. वर्गातील विद्यार्थी उठून जाऊ शकत नाही. त्याची हजेरी, त्याचे अंतर्गत गुण, त्याचे शिफारसपत्र, पुढे पीएच. डी.चे मार्गदर्शन हे सारे त्याच माणसाच्या हाती असते. या विषमतेचा लाभ घेऊन आपला पंथ त्याच्या गळी उतरविणे हा विद्येशी केलेला द्रोह आहे, मग तो पंथ लाल असो, निळा असो की भगवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आचारसंहितेतही शिक्षकाने विद्यार्थ्यांना एकमेकांविरुद्ध वा सहकाऱ्यांविरुद्ध चिथावू नये, असे सांगितले आहे. त्याच आयोगाने २०१८ साली सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरवून दिले. ते सोळा तास विद्यार्थ्यांचे आहेत. उरलेल्या वेळात प्राध्यापकाने कोणता झेंडा उचलावा, हा त्याचा प्रश्न.

या साऱ्या वादात भीमाकाठचा विद्यार्थी मात्र कोणालाच दिसत नाही. मलठण, न्हावरे, पाटस, यवत अशा गावांतून एसटीने किंवा लोकलने महाविद्यालय गाठणारा हा मुलगा अनेकदा घरातील पहिला पदवीधर होऊ पाहतो. रांजणगाव वा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी नोकरी धरावी की शिक्षण पुरे करावे, हा त्याच्यापुढचा खरा पेच. त्याला मार्क्स आणि मनू यांच्या झुंजीपेक्षा वेळेवर होणारा तास आणि वेळेवर लागणारा निकाल हवा असतो. २०१३ साली राज्यातील प्राध्यापकांनी सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या सहकाऱ्यांचा प्रश्न यांसाठी सुमारे तीन महिने परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. मागण्यांत तथ्य असेलही, पण टांगणीला लागला तो विद्यार्थी.

आणि तालुक्याच्या गावी प्राध्यापकांचे राजकारण म्हणजे तरी काय? ग्रामीण महाराष्ट्रात हे उघड गुपित आहे. तेथे विचारधारेचा प्रश्नच क्वचित येतो. संस्थाचालक निवडणुकीला उभे राहिले की कर्मचाऱ्यांनी याद्या घेऊन फिरावयाचे, सभेला गर्दी करावयाची, असा शिरस्ता कित्येक ठिकाणी रुळलेला आहे. तासिका तत्त्वावर राबणारा तरुण प्राध्यापक तर बोलून चालून पाहुणा. पुढील वर्षी आपले नाव यादीत असेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. त्याने कोणत्या तोंडाने अध्यापनाच्या स्वातंत्र्याविषयी बोलावे? महानगरातील नामवंतांच्या अभिव्यक्तीसाठी पत्रके निघतात, पण सेट-नेट होऊनही वर्षानुवर्षे तासांच्या हिशेबावर जगणाऱ्या या मूक प्राध्यापकासाठी एकही पत्रक निघत नाही. रिक्त जागा भरणे हीच त्याच्या स्वातंत्र्याची पहिली पायरी आहे.

विद्यापीठांतील अभ्यासमंडळे आणि निवड समित्या दीर्घकाळ डाव्या कंपूंच्या प्रभावाखाली राहिल्या, ही राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळातील जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. परंतु तिचे उत्तर एक कंपू जाऊन दुसरा येणे हे नव्हे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतील नटांवर बेतलेल्या एका नाटकातील संवादांना अभाविपच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला आणि प्रयोग बंद पडला. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी अटकेत गेले, पुढे केंद्रात तोडफोडही झाली. ज्यांना ते संवाद झोंबले, त्यांचे दुःख खोटे नव्हते. तथापि दगडाने फोडलेली काच कोणाचाही विचार बदलत नाही. ती फक्त चर्चेचा विषय बदलते, आणि अपमान करणाऱ्याला हुतात्मा करून सोडते. निषेधाची सभा, लेख, प्रतिनाट्य, कुलगुरूंकडे निवेदन अशा वाटा मोकळ्या असताना तोडफोडीची वाट दुबळेपणाची होती.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी एकच मोजपट्टी हाती धरावी. आपल्या मुलाच्या प्राध्यापकाचे मत कोणते, हे विचारण्याआधी तो तास घेतो काय, विरुद्ध मत मांडणाऱ्या विद्यार्थ्याला तो पुरे गुण देतो काय, हे विचारावे. या कसोटीवर आपल्या विचारांचा प्राध्यापक नापास होत असेल, तर ते बोलून दाखविण्याचे धैर्यही अंगी असावे. विजापूरकरांची पिढी परकीय सत्तेपुढे वाकली नाही, कारण तिला आपल्या विचाराच्या बळावर विश्वास होता. ज्याचा आपल्या विचारावर असा विश्वास आहे, त्याला वर्गात पोलीस धाडावा लागत नाही आणि विद्यार्थ्याला बांधूनही ठेवावे लागत नाही. भीमाकाठच्या त्या मुलाला व्यासपीठे पुष्कळ आहेत. त्याच्या वाट्याचा फळा तेवढा त्याला मिळावा.