हंगाम नदीचा, सुट्टी शाळेची

केनिया झाले, टांझानिया झाले, आता कुठे? हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पर्यटकापुढे झांबियाचे नाव ठेवणारे टूर ऑपरेटर मराठी मुलुखातही दिसू लागले आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. काळजी वाटते ती त्या नावाखालच्या कार्यक्रमाची. सात रात्रींत चार-पाच मुक्काम, पंचवीस जणांचा गट, रोज नवे अभयारण्य आणि प्रस्थान एप्रिलच्या शेवटी, असा केनियाचाच साचा उचलून झांबियावर बसवला, तर तो पहिल्याच वर्षी फसेल. पैसे पर्यटकाचे जातील आणि बदनामी एका अप्रतिम देशाची होईल.

झांबियाची सफारी समजून घ्यायची तर आधी लुआंग्वा नदी समजून घ्यावी लागते. पूर्व झांबियातली ही नदी पुढे झांबेझीला मिळते. तिच्या काठी ९,०५० चौरस किलोमीटरचे दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान आहे. नदी सतत पात्र बदलते, जुनी वळणे तोडून टाकते आणि मागे अर्धचंद्राकृती तळी सोडून जाते. पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. या काळात खोऱ्याचा मोठा भाग पाण्याखाली किंवा चिखलात असतो. कापसाच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात गाडी कशी रुतते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. लुआंग्वाच्या काठची बरीचशी जमीन त्याच जातीची आहे. म्हणून आडबाजूचे छोटे कॅम्प दर पावसाळ्यापूर्वी अक्षरशः उतरवले जातात. बांबू, गवत, माती यांचे ते मुक्काम पाणी ओसरल्यावर मेच्या मध्यापासून जूनपर्यंत पुन्हा उभे राहतात. मग उन्हाळा चढत जातो, आतले पाणवठे आटतात आणि हत्ती, म्हशी, पाणघोडे, त्यांच्यामागोमाग सिंह आणि बिबटे, सगळे नदीच्या आणि उरलेल्या तळ्यांच्या काठी गोळा होतात. ऑक्टोबरात पारा चाळिशी ओलांडतो आणि प्राणी सर्वाधिक दिसतात. प्राणी पाहण्याचा उत्तम काळ आणि माणसाला सोसायला कठीण काळ इथे एकच.

आता या वेळापत्रकाशेजारी महाराष्ट्रातल्या शाळांचे वेळापत्रक ठेवावे. एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात मराठी कुटुंबे सर्वाधिक प्रवास करतात, आणि नेमके तेव्हा लुआंग्वातले निम्म्याहून अधिक अनुभव बंद असतात. गवत माणसाच्या उंचीचे, वाटा ओल्या, प्राणी आत पांगलेले. वर्षभर चालणारी मोठी लॉज त्या वेळीही पाहुणे घेतात आणि हिरवा लुआंग्वा स्वतःच्या परीने देखणा असतोच. पण ज्याला पायी सफारी आणि नदीकाठचा बिबट्या सांगून विकला आहे, त्याला हा हिरवा लुआंग्वा दाखवून चालणार नाही.

उपाय मोठा नाही. राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात आणखी उशिरा. जूनचा पहिला पंधरवडा म्हणूनच मराठी कुटुंबासाठी झांबियाचा सर्वांत योग्य काळ ठरतो. कॅम्प बहुतांशी उघडलेले असतात, पहाटे गारवा असतो, डास कमी झालेले असतात. आणखी एक फायदा धबधब्याचा. झांबियाच्या बहुतेक कार्यक्रमांना लिव्हिंग्स्टनचा व्हिक्टोरिया धबधबा जोडलेला असतो. तो मार्च ते मे इतका भरलेला असतो की तुषारांच्या पडद्याआड कडा दिसतच नाही. जूनमध्ये पाणी भरपूर असते आणि दृश्यही मोकळे होऊ लागते.

दिवाळीचे गणित उलटे आहे, आणि ते दरवर्षी नव्याने मांडावे लागते. २०२६ मध्ये अधिक मासामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला, २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला. या तीन आठवड्यांच्या फरकात लुआंग्वाचा अख्खा हंगाम बदलतो. १७ ऑक्टोबरच्या आसपास प्राण्यांची गर्दी शिगेला असते आणि नदीच्या उभ्या काठांत बिळे करून राहणाऱ्या किरमिजी वेड्या राघूंच्या वसाहती गजबजलेल्या असतात. ८ नोव्हेंबरला पहिल्या सरी आलेल्या असू शकतात आणि आडबाजूचे कॅम्प आवरते घेत असतात. त्यामुळे मागच्या दिवाळीचा कार्यक्रम तारखा बदलून पुढच्या दिवाळीला छापणे झांबियाच्या बाबतीत धोक्याचे. शिवाय दिवाळीत व्हिक्टोरिया धबधब्याची झांबियाकडची बाजू जवळजवळ कोरडी असते. तेव्हा पाणी पाहायचे तर पूल ओलांडून झिंबाब्वेच्या बाजूला जावे लागते, म्हणजे व्हिसाचा विचार आधीपासून. हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले पाहिजे. कोरड्या कड्यासमोर उभे राहून पाहुण्याला हे पहिल्यांदा समजता कामा नये.

मात्र उशिरा येणाऱ्या दिवाळीला झांबियाकडे एक उत्तर आहे, आणि ते अजून मराठी बाजारात फारसे कोणी वापरलेले नाही. देशाच्या उत्तर-मध्य भागात कासांका नावाचे छोटे राष्ट्रीय उद्यान आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत तिथल्या दलदलीतल्या जंगलाच्या एका लहानशा तुकड्यात सुमारे एक कोटी फळभक्षी वटवाघळे उतरतात. वाळलेल्या गवताच्या रंगाची, पंखांचा विस्तार जवळजवळ पाऊण मीटर. संध्याकाळी ती फळे शोधायला निघतात तेव्हा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आकाश हलताना दिसते. पहाटे परततात तेव्हा त्यांच्या वजनाने फांद्या वाकतात, कधी मोडतातही, आणि त्यांच्यावर टपलेले गरुड घिरट्या घालत असतात. सस्तन प्राण्यांचे याहून मोठे संमेलन आफ्रिकेत दुसरीकडे नाही. राजधानी लुसाकापासून रस्त्याने जवळजवळ दिवसभराचा प्रवास आहे, राहण्याची सोय साधी आहे. सगळ्यांना हे मानवणार नाही. पक्षिमित्र, छायाचित्रकार आणि निसर्ग मंडळांचे सभासद यांच्यापुढे मात्र हा कार्यक्रम आवर्जून ठेवावा.

लुआंग्वाचा प्राण मात्र पायी सफारीत आहे. १९५० मध्ये नॉर्मन कार या वन्यजीव अधिकाऱ्याने स्थानिक प्रमुख न्सेफू यांच्यासमोर एक प्रस्ताव मांडला: शिकारीऐवजी प्राणी पाहायला लोकांना येऊ द्यावे आणि त्याचे उत्पन्न त्यांच्या लोकांना मिळावे. त्यातून न्सेफू कॅम्प उभा राहिला आणि पुढे कार यांनी रुजवलेली पायी सफारीची पद्धत आफ्रिकेत इतरत्र पसरली. पर्यटनाच्या पैशावर रानाशेजारच्या माणसाचा हक्क आहे, हा विचार तिथे पंचाहत्तर वर्षांपूर्वी झाला. महाराष्ट्रात बफर क्षेत्रातल्या गावांविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ही कहाणी समजून घ्यावी.

ही सफारी प्रत्यक्षात कशी असते? सूर्य उगवता उगवता पाच-सहा जण एकामागोमाग एक चालू लागतात. पुढे बंदूकधारी वनरक्षक, त्याच्यामागे गाईड, मग पाहुणे. गाईडच्या हातात बारीक राखेची पुरचुंडी असते. ती झटकली की वारा कुठून कुठे जातो ते दिसते आणि त्यावर वाट ठरते. म्हशींचा कळप वाऱ्याच्या खाली असेल तर वळसा घातला जातो. गाईड हत्तीच्या लिदीतले न पचलेले बी फोडून दाखवतो, पाणघोड्याने रात्री चरायला वापरलेली खोल पायवाट दाखवतो, सिंहाच्या ठशाच्या कडा अजून कशा धारदार आहेत त्यावरून तो किती वेळापूर्वी गेला ते सांगतो. चालण्याचा वेग अगदी कमी, बोलणे जवळजवळ नाही. ताडोबा-पेंचला जिप्सीत बसून ‘साईटिंग झाले का’ विचारण्याची सवय जडलेल्या पाहुण्याला हा बदल आधी समजावून द्यावा लागतो. तो समजावला तर हाच पाहुणा पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन येतो.

काय दिसणार नाही हेही सांगायला हवे. दक्षिण लुआंग्वात गेंडा नाही. शिकारीमुळे झांबियातले काळे गेंडे संपले आणि २००३ पासून ते उत्तर लुआंग्वात पुन्हा आणले गेले. ‘बिग फाइव्ह’ हा शब्द दक्षिण लुआंग्वाच्या जाहिरातीत छापणे म्हणजे तक्रारीला निमंत्रण. त्याऐवजी जगात फक्त याच खोऱ्यात आढळणारा थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ आहे, आणि रात्रीच्या गेम ड्राइव्हमध्ये दिसणारा बिबट्या आहे. मसाई मारा राखीव क्षेत्रात रात्रीची फेरी करता येत नाही, इथे ती रोजची गोष्ट आहे.

पश्चिमेला काफुए राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे २२,४०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे गाभा आणि बफर धरून ताडोबा-अंधारी प्रकल्पाच्या तेरापट. २०२२ पासून त्याचे व्यवस्थापन आफ्रिकन पार्क्स या संस्थेकडे आहे. उत्तरेकडची बुसांगा मैदाने कोरड्या हंगामाचे काही महिनेच उघडी असतात. पहिल्याच सहलीत लुआंग्वा आणि काफुए दोन्ही कोंबू नयेत.

तयारीच्या काही बाबी थोडक्यात. मलेरिया वर्षभर असतो, त्यामुळे प्रतिबंधक गोळ्यांबद्दल प्रत्येक पाहुण्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाताना विमानतळाबाहेर मुक्काम होणार असेल तर पीतज्वराच्या लशीचा प्रश्न भारतात परतताना उभा राहतो. प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. त्सेत्से माश्या गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे झेपावतात. जीन्स घरीच ठेवायला सांगावे. छोट्या विमानात साधारण पंधरा किलोची मऊ बॅग चालते, चाकांची कडक सूटकेस नाही. जून-जुलैच्या पहाटे उघड्या जीपमध्ये हुडहुडी भरते, स्वेटर आणि कानटोपी लागतेच.

जेवणाचा प्रश्न मराठी गटात टाळता येत नाही. रानातल्या कॅम्पला किराणा ठरलेल्या दिवशी ट्रकने येतो. शाकाहारी आणि जैन पाहुण्यांची यादी काही आठवडे आधी, काय चालते आणि काय चालत नाही अशी पदार्थवार लिहून पाठवली तर स्वयंपाकी मनापासून करतात. लुसाका आणि चिपाटा या शहरांत गुजराती व्यापारी पिढ्यान्पिढ्या आहेत, त्यामुळे डाळ आणि मसाले मिळतात. ‘व्हेज’ एवढाच शब्द ई-मेलात लिहिला तर ताटात मासा येऊ शकतो.

राहिला गटाचा आकार, आणि खरी अडचण तिथेच आहे. पायी सफारीत एका वेळी साधारण सहाच पाहुणे जातात, आडबाजूच्या कॅम्पमध्ये आठ-दहा खाटा असतात. पंचवीस जणांचा गट तिथे मावत नाही आणि सहा जणांवर टूर मॅनेजरचा खर्च निघत नाही, ही व्यावसायिकांची तक्रार रास्त आहे. त्यावर बारा जणांचा गट करून त्याचे दोन भाग पाडावेत. एकाच कंपनीच्या शेजारच्या दोन कॅम्पमध्ये सहा-सहा जण ठेवावेत आणि तीन रात्रींनंतर अदलाबदल करावी. खोल्या कमी असल्याने बुकिंग वर्षभर आधी लागेल, अनामतही आधी भरावी लागेल. म्हणजे २०२८ च्या ऑक्टोबरातली दिवाळी ज्यांना लुआंग्वात साजरी करवायची आहे, त्यांनी २०२७ च्या पावसाळ्यातच कॅम्पशी बोलणी सुरू केलेली बरी.