‘दिव्यांग’ म्हणू नका, अक्षर द्या

आम्हाला एकदा ‘हरिजन’ म्हणून देवाच्या पदरात टाकलं. विहीर काही खुली झाली नाही. २०१५ पासून अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणतात. तीच हातचलाखी, दोस्तांनो. नाव देवाघरचं, जागा उंबऱ्याबाहेर.

मी मूळचा नांदेडकडचा, मुंबईच्या गोदीत ओझी वाहणारा, दहावी पास. पण २०१६ चा कायदा मला कळतो. सरकारी, अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा, परीक्षेला लेखनिक, जादा वेळ. ही भीक नाही, हक्क आहे.

आता लातूरची आंधळी पोरगी बी.ए.ला बसली असं धरा. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कॉम्प्युटरवरचं मराठी वाचून ऐकवतं. पण कधी? मजकूर युनिकोडात असेल तर. जुन्या फॉन्टातलं पान आलं की ते भलतंच बरळतं. वहीचा मोबाईलवर काढलेला फोटो आला की गप्प. म्हंजे जागा मिळाली, पुस्तक नाही मिळालं.

शास्त्रानं शूद्राच्या कानात शिसं ओतायची शिक्षा सांगितली होती. आता शिसं लागत नाही. कानापर्यंत अक्षरच पोचू द्यायचं नाही, बास.

ह्याला कोटी रुपये लागत नाहीत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या हद्दीत लातूर, परभणी, हिंगोलीची कॉलेजं येतात. एकच हुकूम पायजे : नोट्स, प्रश्नपत्रिका, सगळं युनिकोडात.

तीनचाकी वाटतानाचे फोटो पुरे झाले. मोर्चात आपल्या मागण्यांत ही मागणी वरती लिहा. वाचायची बंदी काय असते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.