परदेशी बियाणे आणि आमची माती

‘परदेशी बियाणे आले आणि आमच्या शेतीचे सत्त्व गेले,’ असे उद्गार आमच्या भागातील वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून वारंवार ऐकू येतात. याच्या उलट, ‘परदेशी शास्त्रज्ञ नसते तर आपल्यावर उपासमारीची पाळी आली असती,’ असे म्हणणारेही थोडे नाहीत. आमच्या वर्गात या विषयावर वादविवाद झाला, तेव्हा दोन्ही पक्षांना सारख्याच टाळ्या मिळाल्या. परंतु घरी परतताना रस्त्याच्या दुतर्फा पसरलेल्या शिवाराकडे आमची दृष्टी गेली आणि एक साधा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, हे ध्यानी आले. तो प्रश्न असा, की या शिवारातील कोणते पीक मुळात आपले आहे?

ज्या तंबाखूने निपाणीचे नाव दूरवर नेले, तो मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो या देशात आणला. संकेश्वरी मिरचीचा आम्हांला केवढा अभिमान! पण मिरचीचे माहेरही अमेरिकाच. मका आणि भुईमूग तिकडचेच. सोयाबीन चीनकडचे, ऊस न्यू गिनीकडचा. आणि ज्या जोंधळ्याच्या भाकरीवर आमच्या पिढ्या पोसल्या, तो हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आला. सून जशी परक्या घरातून येते आणि पुढे त्याच घराचा आधार होते, तद्वत ही पिके आमची झाली. तेव्हा बियाणे कोठून आले, हा प्रश्न गौण होय. ते कोणाच्या हिताकरिता आले आणि आल्यावर त्याची पारख कोणी केली, हाच खरा प्रश्न आहे.

याचे उत्तम उदाहरण आमच्या डोळ्यांसमोरच आहे. १९६० नंतरच्या दशकात जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनचे प्रयोग केले आणि त्यातून या पिकाचा देशात प्रसार झाला. पुढे जबलपूरने काढलेले ‘जेएस ३३५’ हे वाण १९९४ मध्ये प्रसृत झाले व घरोघरी पोहोचले. पण कृष्णेच्या खोऱ्यात त्यावर तांबेरा पडू लागला. पानांच्या पाठीवर तांबूस फोड येतात, पाने अकाली गळतात आणि शेंगांत दाणा भरत नाही. आमच्यापैकी एकाच्या घरी असे उभे पीक हातचे गेले. त्या वर्षी त्याच्या थोरल्या बहिणीची शाळा सुटली, ती सुटलीच. रोग हा शब्द पुस्तकात वाचणे वेगळे आणि घरात भोगणे वेगळे.

या बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर उडतात. त्यांना राज्याची सीमा नाही की देशाची नाही. हाच तांबेरा २००१ मध्ये दक्षिण अमेरिकेत व २००४ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन पोहोचला. त्यावर उपाय शोधताना धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ‘जेएस ३३५’ चा संकर परदेशातून आणलेल्या एका प्रतिकारक वाणाशी केला आणि ‘डीएसबी २१’ निर्माण केले. तिकडे सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील संशोधकांनी त्याच ‘जेएस ३३५’ चा संकर तशाच दुसऱ्या परदेशी वाणाशी करून ‘फुले अग्रणी’ काढले. एक केंद्र कर्नाटकात, दुसरे महाराष्ट्रात. शत्रू एक आणि उपायही एकाच जातीचा! सीमेच्या प्रश्नावर माणसांचे मतभेद असतील. परंतु शास्त्राने येथे सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच सेवा दिली, हे आम्हां सीमाभागातील विद्यार्थ्यांना विशेष वाटते.

उसाची कथाही अशीच आहे. जावा बेटावर तयार झालेल्या ‘पीओजे २८७८’ या उसाशी संकर करून कोइमतूरच्या संशोधन केंद्राने ‘को ४१९’ काढला आणि दक्षिणेतील मळे त्याने भरून गेले. मात्र येथे एक गोष्ट विसरता कामा नये. त्या काळी जावा डचांच्या व हिंदुस्थान इंग्रजांच्या ताब्यात होता. ज्ञानाची देवघेव झाली, पण ती दोन साम्राज्यांमधली. शेतकऱ्याला त्यात शब्द नव्हता. आजच्या सहकार्याची कसोटी हीच, की त्यात शेतकऱ्याला शब्द आहे काय?

तो नसेल तर काय होते, हे संकरित ज्वारीने शिकविले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने चाललेल्या कार्यातून १९६४ मध्ये ‘सीएसएच १’ ही देशातील पहिली संकरित ज्वारी आली. तिची एक बाजू अमेरिकेतील टेक्सासची. उत्पन्न वाढले, यात संशय नाही. पण भाकरीची चव व कडब्याची प्रत यांचा विचार मागे पडला. ‘हायब्रीड’ हा शब्द आमच्या बोलीत बेचव व तकलादू या अर्थाने रूढ झाला, ही लोकांनी दिलेली गुणपत्रिकाच होय! रब्बीच्या काळ्या रानात मात्र मोहोळच्या मालदांडीने आपले आसन सोडले नाही.

आणि आपण केवळ घेणारे आहोत, असेही नव्हे. जळगावच्या संशोधकांनी काढलेला ‘जेएल २४’ हा भुईमूग आफ्रिकेतील मलावी देशात ‘काकोमा’ या नावाने पेरला जातो. खानदेशचे बी आफ्रिकेच्या शेतकऱ्याच्या ताटात जाते, या विचाराने कोणाची छाती अभिमानाने भरून येणार नाही? उष्ण कटिबंधातील देशांचे पाऊस, कीड आणि दारिद्र्य सारखेच. म्हणून त्यांनी एकमेकांचे गुरू व्हावे, हेच उचित होय.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळतो. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या पिकाविषयी हलक्या मनाने बोलण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु तंबाखू आरोग्यास घातक आहे, हेही सत्यच. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली, त्याच्या १७ व्या कलमात तंबाखूवर जगणाऱ्यांना परवडणारे पर्याय देण्यास साहाय्य करावे, असे म्हटले आहे. केंद्र सरकारनेही २०१५-१६ पासून तंबाखूच्या राज्यांत पर्यायी पिकांचा कार्यक्रम सुरू केला. पण पावसाच्या पाण्यावरच्या काळ्या रानात तंबाखूइतका पैसा देणारे दुसरे पीक सुचविणे सोपे नाही. आणि वखारीत राबणाऱ्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न तर त्याहून बिकट. जगाने तंबाखू सोडण्याचा उपदेश केला असेल, तर त्याला पर्याय शोधण्याचा भारही जगाने उचलावा. आमच्या मते आंतरराष्ट्रीय सहकार्याची याहून मोठी परीक्षा नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की परदेशी बियाण्याला आंधळा विरोध नको आणि आंधळे स्वागतही नको. संशोधनाचा प्रश्न बांधावर जन्मावा आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या भाषेत, येथे तर मराठीत आणि कन्नडमध्येही, बांधावर परत यावे. बी राखून ठेवण्याचा व ते शेजाऱ्याला देण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. तो अबाधित राहावा.

आणि हे कोणी करावे? शेतकऱ्याचा मुलगा शिकला म्हणजे तो शेतीला मुकला, असे आजवर होत आले. यापुढे आमच्यातील काही मुलामुलींनी शिकून प्रयोगशाळेत जावे आणि तेथून पुन्हा शिवाराकडे यावे. परदेशातील शास्त्रज्ञ आमच्या बांधावर येतील, तेव्हा त्यांच्याशी बरोबरीने बोलणारे कोणी तरी आमच्या घरचे असावे, एवढीच आमची इच्छा आहे.